कोळसा जयगडला, कागद बँकेत: जहाजी करारांतली भांडणं सोप्या भाषेत

एप्रिल २०१८मध्ये ‘जायंट एस’ नावाचं जहाज इंडोनेशियाचा कोळसा घेऊन कोकणात आलं. आधी रत्नागिरी जिल्ह्यातलं जयगड, मग रायगडमधलं दिघी. दोन्हीकडे मिळून ८५ हजार टनांच्या वर कोळसा उतरला आणि ढिगाऱ्यांत रचला गेला. बंदरासाठी हे रोजचंच काम. फक्त ज्या मूळ कागदांवर हा माल सोडायचा, ते कागद उतरवून घेणाऱ्यांनी जहाजापुढे ठेवलेच नव्हते. त्या कागदांवर हक्क सांगत होती माल्टा देशातली फिमबँक. या व्यवहारात तिने पैसे घातले होते. माल आपल्याला न विचारता भलत्याच्या हाती गेला, असं तिचं म्हणणं.

बँकेने लवादाची नोटीस दिली ती दोन वर्षांनी, एप्रिल २०२०मध्ये. मे २०२३मध्ये लंडनच्या अपील कोर्टाने सांगितलं की मुदत एक वर्षाची होती, ती उलटून गेली, दावा बाद. माल खरंच चुकीच्या माणसाला दिला का, या प्रश्नात शिरायची गरजच उरली नाही.

कोकणातल्या कोळशाचं भांडण लंडनला कसं गेलं, असं कुणालाही वाटेल. जहाजाचा मालक एका देशातला, जहाजावर झेंडा दुसऱ्या देशाचा, विकणारा तिसऱ्या, बँक चौथ्या. सगळ्यांना मान्य होईल असा कायदा कुठला, तर दीड-दोनशे वर्षांच्या सवयीने इंग्लंडचा. म्हणून करारात एक ओळ असते: वाद झाला तर इंग्लिश कायदा, लवाद लंडनमध्ये. जहाजी करारांबद्दलचे महत्त्वाचे निकाल त्यामुळे टेम्सच्या काठी लागतात आणि त्यांची झळ जयगड, न्हावाशेवा, मुरगावपर्यंत पोचते.

आधी तो कागद समजून घेऊ. त्याचं नाव बिल ऑफ लेडिंग; धंद्यातली माणसं नुसतं ‘बीएल’ म्हणतात. हा एकच कागद तीन कामं करतो. पहिलं, माल जहाजावर चढला याची पावती. दुसरं, वाहतुकीचा करार काय ठरला याचा पुरावा. तिसरं काम सगळ्यांत भारी: माल कुणाचा, हे हा कागद ज्याच्या हातात आहे त्यावरून ठरतं. सायकल स्टँडवरच्या बिल्ल्यासारखं. बिल्ला दाखवाल तर सायकल मिळेल, तुमची ओळख कितीही असो. बीएलवर मागे सही करून ते दुसऱ्याला देता येतं, म्हणजे माल समुद्रात असतानाच विकता येतो, बँकेकडे तारण ठेवता येतो. कोळसा, तेल, गहू, सोयाबीन अशा मालाचे सौदे वाटेत तीन-तीन, चार-चार वेळा होतात. कोळसा जागचा हलत नाही, कागद फिरतो.

घोटाळाही इथेच होतो. इंडोनेशियाहून कोकणात यायला जहाजाला दहा-बारा दिवस लागतात. कागद निघतो विकणाऱ्याकडून त्याच्या बँकेकडे, तिथे तपासणी, मग मधल्या व्यापाऱ्याची बँक, मग पुढच्याची. एलसीत, म्हणजे पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्रात, एखाद्या स्पेलिंगचा फरक निघाला की गाडी अडली. जहाज मात्र बंदराबाहेर नांगर टाकून उभं. त्याचं भाडं दिवसाला हजारो डॉलर. थांबायला कुणीच तयार नसतं, आणि मग निघतो लेटर ऑफ इंडेम्निटी, म्हणजे ‘एलओआय’. व्यापारी लिहून देतो की बीएल नाही, पण माल अमक्याला सोडा. पुढे काही उपटलं तर नुकसान आम्ही भरून देऊ.

तेलाच्या आणि कोळशाच्या धंद्यात एलओआय इतका रुळलाय की बीएल बघून माल सोडणं हाच अपवाद वाटावा. जहाजमालकांचे जबाबदारी विमा क्लब, ज्यांना ‘पी अँड आय क्लब’ म्हणतात, ते एका बाजूला सांगतात की बीएलशिवाय माल दिलात तर आमचा विमा तुम्हाला लागू नाही. आणि दुसऱ्या बाजूला एलओआयचा मजकूर कसा असावा याचा नमुनाही तेच पुरवतात. हा दुटप्पीपणा सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्याच्यासोबत सुखाने नांदतात. कायदा तर फार पूर्वीच स्पष्ट झालेला आहे. इंग्लंडहून सिंगापूरला गेलेले सायकलचे सुटे भाग बीएलशिवाय सोडून दिल्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील कोर्टाने, १९५९मध्येच सांगितलं होतं की असं करणारा जहाजवाला ते स्वतःच्या जोखमीवर करतो.

व्यापारी टिकून आहे तोवर जोखीम कागदावरच राहते. तो बुडाला की एलओआय रद्दीत जातो आणि बँक जहाजाच्या मागे लागते. २०२०मध्ये सिंगापूरची हिन लिओंग ही तेल व्यापारातली बडी कंपनी कोसळली, तेव्हा नेमकं हेच झालं. पैसे अडकलेल्या बँकांनी कपाटातली बीएल काढली आणि जहाजमालकांना विचारलं, आमचा माल कुठाय? माल केव्हाच जळून धूर झाला होता.

आता ‘जायंट एस’च्या एका वर्षाकडे. समुद्री वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १९२४मध्ये ब्रसेल्सला ठरले, ते हेग नियम. १९६८मध्ये त्यांत दुरुस्ती झाली, ते हेग-विस्बी नियम. माल पोचल्यापासून, किंवा पोचायला हवा होता तेव्हापासून, एका वर्षात दावा केला नाही तर वाहतूकदार सुटला, हे त्यातलं एक कलम. फिमबँकेचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता: हे नियम समुद्रप्रवासाचे आहेत, माल चढल्यापासून उतरेपर्यंतचे. आमचा कोळसा आधी उतरला, ढिगाऱ्यात पडला आणि तिथून चुकीच्या हाती गेला. म्हणजे प्रवास संपल्यावरची ही गोष्ट. तिला प्रवासाचे नियम कसे लावता?

कोर्टाने १९६८च्या दुरुस्तीची भाषा पाहिली. तिथे वाहतूकदाराची मालाबद्दलची ‘कुठलीही’ जबाबदारी एका वर्षात संपते, असं जोर देऊन लिहिलंय. नियम घडवताना झालेल्या चर्चांचे कागदही न्यायाधीशांनी चाळले. चुकीच्या माणसाला माल दिल्याचे दावे या मुदतीत यावेत, हाच त्या दुरुस्तीमागचा हेतू होता, हे त्यातून दिसलं. लवाद, खालचं कोर्ट आणि अपील कोर्ट, तिन्हीकडे बँक हरली. मला हा निकाल पटतो. जहाजवाल्याला एलओआय देणारा किती वर्षं जागेवर सापडणार? हिशेब कधीतरी मिटला पाहिजे. पण बँकांना याचा फटका बसतो, कारण कर्ज थकलंय हेच त्यांना कधीकधी वर्ष उलटल्यावर कळतं.

बँक आणि व्यापारी यांच्या मध्ये सापडलेल्या जहाजाची अशीच एक गोष्ट आपल्या शेजारी, गोव्यात घडली होती. भारताचा जहाजी कायदा तिच्यामुळे बदलला.

८ फेब्रुवारी १९८४ला ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे परदेशी मालकाचं जहाज मुरगावहून माल घेऊन निघालं. निघताना त्याने माल पाठवणाऱ्या वास्कोच्या हरवान कंपनीला बीएल दिलंच नाही. तिकडे खरेदीदाराने पैसे दिले नव्हते, म्हणून हरवानने जहाजवाल्यांना बजावलं, माल देऊ नका. जहाजवाल्यांनी पोचल्यावर माल देऊन टाकला. आता परदेशातल्या मालकाला शोधायचं कुठे? पण जहाज आज ना उद्या परत येतंच. १३ एप्रिलला ते विशाखापट्टणमला लागलं आणि हरवानने आंध्र प्रदेश उच्च न्यायालयातून त्याच्यावर अटक आणली.

जहाजाची अटक हा समुद्री कायद्यातला खास प्रकार आहे. दावा माणसावर नसून जहाजावरच होतो; जहाजच प्रतिवादी. मुंबईत हे कसं होतं बघा. उच्च न्यायालयाने आदेश दिला की मुंबईच्या शेरीफच्या कार्यालयातून वॉरंट निघतं, जहाजावर जाऊन ते बजावलं जातं, तिथे डकवलं जातं. बंदराला आणि कस्टम्सला कळवलं की जहाजाला निघायची परवानगी मिळत नाही. कप्तान बिचारा मालकाला फोन लावत बसतो. मालकाने, किंवा बहुधा त्याच्या पी अँड आय क्लबने, दाव्याइतकी हमी कोर्टात भरली की जहाज सुटतं आणि खटला त्या हमीवर चालतो. एकेका दिवसाच्या खोळंब्याने मालक रडकुंडीला येतो. महिनोन्महिने दाद न देणारा मालक अटकेनंतर चार दिवसांत बोलायला तयार होतो तो त्यामुळे.

एलिझाबेथच्या मालकांनी एक जुना मुद्दा काढला. भारतातल्या उच्च न्यायालयांना जहाजांवरचा अधिकार इंग्रजांनी दिला, १८९०-९१च्या कायद्यांनी, आणि तोही १८६१च्या इंग्लिश कायद्यात होता तेवढाच. त्या कायद्यात देशात ‘आलेल्या’ मालाबद्दल दावे करता येत होते, बाहेर ‘गेलेल्या’ मालाबद्दल नाही. हा माल तर गोव्याहून बाहेर गेलेला. सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी १९९२ला हा युक्तिवाद झिडकारला. न्यायमूर्ती थॉमन यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा की स्वतंत्र भारताच्या उच्च न्यायालयांचे अधिकार १८९०मध्ये गोठलेले नाहीत. ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला दाद देण्याचा अंगभूत अधिकार त्यांना आहे. पुढे पंचवीस वर्षं हाच निकाल कायद्याच्या जागी उभा होता. मग २०१७चा ॲडमिरल्टी कायदा आला, तो १ एप्रिल २०१८पासून लागू झाला आणि किनाऱ्यावरच्या राज्यांच्या उच्च न्यायालयांना हे अधिकार थेट मिळाले.

या अटकेचा हात दोषी जहाजापुरताच राहत नाही. मे २०२५मध्ये ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनर जहाज कोचीजवळ बुडालं. बुडालेल्या जहाजाला अटक करणार कशी? केरळमधल्या एका काजू कंपनीने आपल्या सुमारे ६ कोटींच्या मालासाठी त्याच समूहाचं ‘मानसा एफ’ हे दुसरं जहाज अडवायचा आदेश केरळ उच्च न्यायालयातून मिळवला. नंतर केरळ सरकारने प्रदूषणाच्या भरपाईसाठी ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि समूहाचं आणखी एक जहाज अडकलं. एकाच मालकीचं दुसरं जहाज धरायची ही सोय २०१७च्या कायद्यात आहे. तिच्यापासून वाचायला कित्येक मालक प्रत्येक जहाजासाठी वेगळी कंपनी काढून ठेवतात, आणि मग खरा मालक कोण यावर वेगळंच युद्ध जुंपतं.

आतापर्यंत कागदाची भांडणं झाली. संख्येने यांहून जास्त भांडणं होतात वेळेवरून.

जहाज भाड्याने घ्यायच्या कराराला चार्टरपार्टी म्हणतात. टाइम चार्टरमध्ये जहाज दिवसाच्या दराने घ्यायचं, इंधन घेणाऱ्याचं, कुठे न्यायचं तेही तोच ठरवणार. वाटेत वेळ गेला तर त्याच्या खिशातून. व्हॉयेज चार्टरमध्ये एका फेरीचं ठरीव भाडं. वेळ गेला तर मालकाचं नुकसान. मालक मग कलम घालतो: माल चढवायला-उतरवायला इतकेच दिवस, त्याला लेटाइम म्हणतात. त्यापुढे दर दिवसाला ठरलेला दंड, म्हणजे डेमरेज.

सरळ वाटतं ना? आता घड्याळ कधी सुरू होतं ते बघा. कप्तान ‘जहाज तयार आहे’ अशी नोटीस देतो, नोटीस ऑफ रेडिनेस. ती बंदराबाहेर नांगर टाकून दिलेली चालते की धक्क्याला लागल्यावरच? रविवारी दिलेली मोजायची की सोमवारपासून? करारात ‘हवामान चांगलं असलेलेच कामाचे दिवस’ असं लिहिलं असेल तर पावसाचे तास वजा होतात. बंदरातला एजंट ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’ नावाचा तक्ता भरतो: ०९४० पाऊस सुरू, हॅच बंद; १११५ पाऊस थांबला; ११५० काम सुरू. मधली ती ३५ मिनिटं कुणाची? पावसाची की मजुरांच्या चहाची? कोकणात जूनच्या तोंडावर माल उतरवला असेल तर असे तक्ते आठ-आठ पानं भरतात, आणि सहा महिन्यांनी त्यावर दोन वकील मिनिटं मोजत बसतात. त्यात एकदा डेमरेज सुरू झालं की बहुतेक करारांत ते थांबत नाही. मग रविवार येवो की पाऊस कोसळो, मीटर चालूच.

डेमरेज नेमकी कशाची भरपाई, हा प्रश्न इतका साधा, तरी त्याचं उत्तर २०२१पर्यंत लटकत होतं. ‘इटर्नल ब्लिस’ हे जहाज ब्राझीलच्या तुबाराऊहून ७० हजार टन सोयाबीन घेऊन २०१५मध्ये चीनच्या लाँगकोऊला गेलं. बंदरात गर्दी, किनाऱ्यावर साठवायला जागा नाही. ३१ दिवस जहाज बाहेर उभं. आतल्या सोयाबीनला बुरशी आली, गठ्ठे झाले. माल घेणाऱ्यांनी मालकाकडून भरपाई घेतली. मालक तो खर्च चार्टररकडे, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याकडे, मागायला गेला. चार्टरर म्हणाला, उशिराचं डेमरेज दिलं की माझं देणं संपलं. मालक म्हणाला, ते जहाज अडकल्याचं. माल खराब झाल्याचं वेगळं. खालच्या कोर्टात मालक जिंकला. अपील कोर्टाने निकाल फिरवला: लेटाइम मोडल्याचे जे काही परिणाम होतील त्या सगळ्यांची भरपाई म्हणजे डेमरेज, दुसरा दावा करायचा तर करारातली दुसरी एखादी अट मोडलेली दाखवा. प्रकरण पुढे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात निकालाला लागण्याआधीच मिटलं, त्यामुळे आज हाच कायदा आहे. मालकांना हे अजून पचलेलं नाही. बुरशीचा धोका त्यांनी दर ठरवताना कुठे धरलेला असतो?

जहाज उशिरा परत केल्याचं एक जुनं प्रकरणही असंच चार्टररच्या बाजूने गेलं, आणि ते दरांच्या चढउतारामुळे गाजलं. ‘अकिलीस’ हे जहाज २ मे २००४पर्यंत परत यायचं होतं, आलं ११ मेला. मालकाने पुढचा करार दिवसाला ३९,५०० डॉलरने आधीच करून ठेवला होता. तेवढ्यात बाजार पडला, नव्या गिऱ्हाइकाने दर ३१,५००वर आणला. मालकाने पुढच्या अख्ख्या कराराचा फरक मागितला, सुमारे १३ लाख ६४ हजार डॉलर. चार्टररने देऊ केला फक्त उशिराच्या नऊ दिवसांचा, सुमारे १ लाख ५८ हजार. लवादात आणि खालच्या दोन्ही कोर्टांत मालक जिंकला. २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, ते उलटवलं. करार करताना चार्टररने असली बेहिशेबी जोखीम अंगावर घेतली असं बाजारातलं कुणीच समजत नाही, असा त्याचा रोख.

कंटेनरने माल पाठवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला हा डेमरेज वेगळ्या रूपात भेटतो. न्हावाशेवाला कंटेनर उतरला की काही दिवस मोफत, ‘फ्री डेज’. त्यानंतर बंदरात पडून राहिला तर डेमरेज. घरी नेऊन रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन. कस्टम्सने तपासणीला धरून ठेवला, चूक व्यापाऱ्याची नाही, तरी शिपिंग लाइनचं मीटर बहुतेक वेळा चालूच राहतं, कारण बीएलच्या मागच्या बारीक छापलेल्या अटींत तसं लिहिलेलं असतं. सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटाला, विचारलं की तो हसतो: ‘सुरुवातीलाच फ्री डेज वाढवून घ्यायचे होते साहेब.’

राजकारण मध्ये आलं की काय होतं, त्यावरचा २०२४चा एक निकाल थोडक्यात सांगतो. गिनीहून युक्रेनला बॉक्साइट नेण्याचा करार, पैसे डॉलरमध्ये. एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेने माल पाठवणाऱ्याच्या मूळ कंपनीवर निर्बंध लादले आणि डॉलर अडकायची वेळ आली. माल पाठवणारा म्हणाला, युरो देतो, बदलायचा खर्चही माझा. जहाजमालकाने नकार दिला आणि आमच्या हाताबाहेरची परिस्थिती, म्हणजे फोर्स मेजर, म्हणून काम थांबवलं. त्या कलमात अट होती की अडचण वाजवी प्रयत्नांनी दूर होणारी नसावी. युरो घेणं वाजवी नव्हतं का? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं: करारात डॉलर आहे, तर डॉलरच. करारात नसलेली गोष्ट स्वीकारायला वाजवीपणाच्या नावाखाली कुणाला भाग पाडता येत नाही. सामान्य माणसाला हा हट्ट वाटेल. पण समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाशी धंदा करायचा तर कागदावर लिहिलंय तेच खरं, याला पर्याय नाही.

सगळ्यांत चक्रावून टाकणारा नियम मात्र जनरल ॲव्हरेजचा. प्रवासात संकट आलं आणि जहाज व माल दोन्ही वाचवायला कुणी मुद्दाम खर्च केला किंवा काही सोडून दिलं, तर तो बोजा सगळ्यांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. नियम रोमन काळाइतका जुना आहे. मार्च २०२१मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, ज्यावर २५ भारतीय खलाशी होते. १ एप्रिलला मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. त्यातल्या हजारो कंटेनरवाल्यांना, ज्यांचा त्या अपघाताशी काडीचा संबंध नव्हता, माल ताब्यात घ्यायच्या आधी हमी भरावी लागली. विमा असलेल्यांची सोय विमा कंपनीने केली. नसलेल्यांनी रोख अनामत ठेवायची. जहाज इजिप्तने सोडलं तेच जुलैत.

‘पोलर’ नावाच्या तेलवाहू जहाजाचं प्रकरण तर आणखी रंगलं. २०१०मध्ये एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी ते धरलं, दहा महिन्यांनी ७७ लाख डॉलर खंडणी घेऊन सोडलं. मालकाने खंडणीचा वाटा मालवाल्यांकडे मागितला. मालवाले म्हणाले, चाचेगिरीचा विमा काढला होता, त्याचे हप्तेही आमच्या बाजूने भरले. आता तिथूनच घ्या. जानेवारी २०२४मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाची बाजू उचलून धरली: वाट्यातून सुटका हवी असेल तर करारात तसं उघड लिहायला हवं होतं.

आपल्याकडचा कायदा आता कुठे आहे? बिल ऑफ लेडिंगचा भारतीय कायदा १८५६चा होता, इंग्लंडच्या १८५५च्या कायद्यावरून उतरवलेला. इंग्लंडने तो १९९२मध्ये बदलला. आपण २०२५मध्ये नवा बिल्स ऑफ लेडिंग कायदा केला, त्यात भाषा सोपी केली पण बहुतेक तरतुदी जुन्याच ठेवल्या. माल समुद्रमार्गे नेण्याचा १९२५चा कायदाही त्याच वर्षी गेला आणि त्या जागी नवा आला; सांगाडा तोच, हेग-विस्बीचा. मोठी भर एकच: नियमांच्या परिशिष्टात सरकार आता अधिसूचना काढून बदल करू शकतं. शंभर वर्षांनी कायदा बदलायला घेतला तर थोडं आत शिरायला हवं होतं, असं मला वाटतं.

कारण त्या सांगाड्यात एक तरतूद आहे जी ऐकून निर्यातदार अवाक होतात. कप्तानाने जहाज चालवताना चूक केली आणि त्यामुळे तुमचा माल बुडाला, तर तुमचा वाहतूकदार जबाबदार नाही! १९२४ची ही सवलत, जेव्हा जहाज एकदा क्षितिजापार गेलं की मालकाला कप्तानाशी बोलताही यायचं नाही. आज मालक ऑफिसात बसून स्क्रीनवर जहाज पाहतो. १९७८च्या हॅम्बुर्ग नियमांनी ही सवलत काढली, पण ते भारताने स्वीकारले नाहीत. ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ यांची टक्कर होऊन कंटेनर समुद्रात तरंगले होते. तशा अपघातात चूक आपल्याच जहाजाच्या कप्तानाची निघाली, तर नियमाने मालवाल्याला त्या वाहतूकदाराकडून काही मिळणार नाही. म्हणून मालाचा सागरी विमा काढायचा. ‘शिपिंग लाइन जबाबदार आहे ना’ म्हणून तो टाळायचा नाही.

जबाबदारी लागू होते तिथेही रकमेला कमाल मर्यादा आहे: दर पॅकेजमागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे २ एसडीआर, जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. एक म्हणजे शंभराच्या वर रुपये. समजा, गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कंपनीने १० किलोची ४०० खोकी एका कंटेनरमध्ये पाठवली, किंमत २ कोटी. बीएलवर ‘४०० खोकी’ लिहिलेलं असेल तर प्रत्येक खोकं एक पॅकेज. मर्यादा होते २ लाख ६६ हजार एसडीआरच्या वर, म्हणजे पूर्ण भरपाई मिळू शकते. बीएलवर नुसतं ‘१ कंटेनर’ असेल तर वजनाने ८ हजार एसडीआर, दहा लाखांच्या आसपास. फरक एका ओळीचा, आणि ती ओळ बहुतेक वेळा फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाच्या, ऑफिसातला एखादा मुलगा संध्याकाळच्या घाईत भरतो.

माल खराब झाल्यावर सुरू होणारं एक वर्षही आपल्या नव्या कायद्यात आहेच. शिपिंग लाइनचा क्लेम विभाग गोड ईमेल पाठवत राहतो, सर्व्हे रिपोर्ट मागतो, फोटो मागतो. त्याने वर्ष थांबत नाही. मुदत वाढवून हवी असेल तर ती लेखी घ्यावी लागते, आणि तीही बरोबर माणसाकडून. बीएलवर एजंटाने ‘कप्तानाच्या वतीने’ सही केली असेल तर वाहतूकदार बहुधा जहाजाचा मालक असतो, ज्या कंपनीचं नाव बीएलच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात छापलंय ती नव्हे. त्या कंपनीने दिलेली मुदतवाढ मालकाला बांधत नाही.